मरणाची परिभाषा आणि परिचारकाचे स्थान: अरुणा शानबाग प्रकरणाच्या अनुषंगाने

‘युथनेशिया’ या संज्ञेसाठी मराठीत ‘इच्छामरण’ आणि ‘दयामरण’ असे दोन शब्द रूढ आहेत. पहिल्यात इच्छा करणारा रुग्ण कर्ता असतो. त्यामागे भीष्माच्या वरदानाची स्मृती आहे. दुसऱ्यात दया करणारा कर्ता ठरतो आणि रुग्ण त्या दयेचा विषय. रुग्णाच्या उशाशी अखेरपर्यंत असणारा परिचारक मात्र दोन्ही शब्दांत नाही. ही उणीव केवळ कोशगत नाही, हे अरुणा शानबाग प्रकरणावरून ध्यानात येते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथेच हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निष्क्रिय दयामरणाचे तत्त्व मान्य केले, परंतु याचिका फेटाळली. रुग्णाची इच्छा जाणण्याचा मार्ग नव्हता. तेव्हा तिच्या वतीने बोलावे कोणी? न्यायालयाने हा अधिकार तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना दिला. त्यांना ती जगावी असे वाटत होते. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाला नाही, याचीही न्यायालयाने दखल घेतली. परिचर्येला येथे नात्याचा दर्जा मिळाला.

या घटनेवर हरकिसन मेहता यांची ‘जड चेतन’ ही गुजराती कादंबरी, विराणी यांचे ‘अरुणाज स्टोरी’ हे इंग्रजी पुस्तक आणि दत्तकुमार देसाई यांचे ‘कथा अरुणाची’ हे मराठी नाटक अशा तीन भाषांतील संहिता उभ्या राहिल्या. तिन्ही शीर्षके अरुणाकडे किंवा तिच्या अवस्थेकडे निर्देश करतात. शुश्रूषा करणाऱ्यांना निर्णायक स्थान दिले ते न्यायालयीन संहितेने.

पुढे २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ झाली. उपचार थांबवण्याच्या निर्णयात उपचार करणारा डॉक्टर आता वैद्यकीय मंडळाचा सदस्य असतो. तथापि मृत्यू घडवून आणण्यास भारतात मुभा नाही. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात १९९७ पासून डॉक्टर प्राणांतक औषध लिहून देऊ शकतो. रुग्ण ते स्वतः घेतो. तेथील डॉक्टरापुढचा प्रश्न मरणास साह्य करावे की नाही हा आहे. येथील डॉक्टरापुढचा प्रश्न मरण लांबवणे कोठे थांबवावे हा आहे. ‘दयामरण’ हा एकच शब्द दोहोंना लावल्यास कृत्रिम श्वासयंत्र काढणारा आणि प्राण घेणारा एकाच पंक्तीत बसतात. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१८ मध्ये ‘निष्क्रिय दयामरण’ ही संज्ञा टाळण्याचे सुचवले.

मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या, भारतातील पहिल्या हॉस्पिसचे नाव ‘शांती अवेदना सदन’ आहे. या नावात मरणाचा उल्लेख नाही. वेदनेच्या अभावाचा आहे. परिचारकाचे कर्तृत्व सांगणारी परिभाषा घडवायची झाल्यास तिचा आरंभ येथून होऊ शकेल.