यादीतला शेजारी कसा शोधावा?

मुलांनो, आपल्या वर्गातील मोठी मुले शाळेत प्रोग्रॅमिंग शिकतात आणि इथे आपण सनावळी पाठ करतो. या वेळी दोन्हींची सांगड घालू. क्रमाने लावलेल्या यादीला संगणकाच्या भाषेत ‘सॉर्टेड अ‍ॅरे’ म्हणतात. बहुतेक भाषांत त्याची मोजणी ० पासून होते.

० – १६३० : शिवाजी महाराजांचा जन्म
१ – १६७४ : राज्याभिषेक
२ – १६८० : महाराजांचे निधन
३ – १७२० : पहिले बाजीराव पेशवे झाले
४ – १७६१ : पानिपतची तिसरी लढाई
५ – १८१८ : पेशवाईचा अस्त
६ – १८४८ : फुले दांपत्याची पुण्यातील मुलींची शाळा
७ – १९६० : महाराष्ट्र राज्याची स्थापना

चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. हे साल यादीत नाही. पण ‘सापडले नाही’ एवढेच सांगून संगणक थांबला, तर आपल्या हाती काहीच लागत नाही. त्याचे अलीकडचे आणि पलीकडचे साल कळले, तर तो विजय कोणत्या काळातला हे समजते.

आता कागदावर दोन बोटे ठेवा. डावे ० वर आणि उजवे ८ वर, म्हणजे यादी संपल्यानंतरच्या रिकाम्या जागी. दोन्ही क्रमांकांची बेरीज करून निम्मी करा. अर्धा उरला तर सोडून द्या. ही झाली मधली जागा. तिथले साल आपल्या सालापेक्षा लहान असेल, तर डावे बोट तिच्या पुढच्या जागी न्या. नसेल, तर उजवे बोट त्या मधल्या जागेवर आणा. बोटे एकत्र आली की थांबा.

करून पाहू. मधली जागा ४, तिथे १७६१. उजवे बोट ४ वर. मग जागा २, तिथे १६८०; डावे बोट ३ वर. मग जागा ३, तिथे १७२०. डावे बोट ४ वर. बोटे भेटली! ४ वरचे १७६१ हा पलीकडचा शेजारी आणि त्याच्या आधीचे १७२० हा अलीकडचा. म्हणजे वसईचा विजय बाजीराव पेशवे झाल्यानंतरचा आणि पानिपतच्या आधीचा.

तीन गोष्टी सांभाळा. बोटे ० वर भेटली तर अलीकडे शेजारी नाही आणि ८ वर भेटली तर पलीकडे नाही. हे आधी तपासा. शोधलेले सालच यादीत असेल, तर बोटे त्याच्यावरच थांबतात. पलीकडचा शेजारी हवा असल्यास पुढे सरका. तिसरे म्हणजे, यादी क्रमाने नसेल तर संगणक तक्रार न करता चुकीचा शेजारी सांगू शकतो.

आठ सालांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे पालकांना वाटेल. पण यादी १० लाखांची असली, तरी फक्त २० वेळा पाहून काम होते. आणि सोपे दिसले तरी ते नीट लिहिणे सोपे नाही. जावा भाषेच्या तयार संग्रहातील याच शोधात सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती. जोशुआ ब्लॉख यांनी ती २००६ साली जाहीर केली. यादी प्रचंड असली की दोन क्रमांकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेबाहेर जात असे. उपाय साधा आहे : दोन्हींतील फरक निम्मा करून तो डाव्या क्रमांकात मिळवायचा.

आता १८५७ चे शेजारी शोधा, तेही बोटांनी. पायथन येणाऱ्यांनी नंतर ‘बायसेक्ट’ वापरून उत्तर ताडून पाहावे.