लिहावे कसे?

मुलांनो, सहलीवर निबंध तुम्ही सर्वांनीच लिहिला असेल. त्याची सुरुवात तुम्हांला पाठ असेल : ‘सहलीला जायचे ठरताच आमच्या आनंदाला पारावार उरला नाही.’ मग ‘निसर्गरम्य परिसर’ येतो. शेवटी ‘ती सहल मी कधीही विसरणार नाही’ असे वाक्य येते. अशा निबंधाला गुण मिळतात, पण तो कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. लिहिणारासुद्धा वाचत नाही.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गाची सहल रामलिंगला गेली होती. धाराशिवहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या डोंगरात येडशी हे गाव आहे. त्याच्याजवळच्या दरीत रामलिंगाचे मंदिर आहे. भोवती दाट झाडी, पावसाळ्यात वाहणारा ओढा आणि माकडांच्या टोळ्या. या वनाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. आम्ही गेलो तेव्हा सीताफळांचे दिवस होते. येडशीच्या फाट्यावर बस थांबली, मुलांनी सीताफळे घेतली आणि आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सहलीवर लिहायला सांगितले. सगळ्या वह्यांत तोच निबंध! एका मुलाचे अक्षर सुंदर होते आणि त्याच्या लेखनात एकही चूक नव्हती. हा मुलगा येडशीचाच. रोज एस.टी.ने शाळेत यायचा. मी त्याला विचारले, “तू तर तिथलाच. मग तुझ्या निबंधात येडशी कुठे आहे?” तो गप्प राहिला. वर्ग सुटल्यावर मात्र तो माझ्या टेबलाजवळ आला.

“सर, फाट्यावर सीताफळे विकणारी म्हातारी होती ना, ती माझी नानी.”

मुले तिच्याशी भाव करत होती, तेव्हा हा बसमध्ये खाली मान घालून बसला होता. नानीने त्याला खिडकीतून पाहिले होते, पण हाक मारली नाही. त्याच्या मित्राच्या पिशवीत तिने दोन फळे जास्त टाकली आणि म्हणाली, “वाटून खा.”

एवढे सांगून त्याने विचारले, “सर, असले काही लिहायचे असते का?”

लेखन शिकायचे असेल, तर ते या प्रश्नापासूनच शिकावे असे मला वाटते. त्या दिवशी आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. ही एकच गोष्ट तीन प्रकारे लिहिता येते, हे मी त्याला समजावून सांगितले. तेच तुम्हांलाही सांगतो.

पहिला प्रकार म्हणजे घडले तसे लिहिणे. एखाद्या खऱ्या माणसाबद्दल असे लिहिले, तर त्याला मराठीत ‘व्यक्तिचित्र’ म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला ‘खाका’ म्हणता. व्यंकटेश माडगूळकर यांनी माणदेशातील साध्यासुध्या माणसांची अशी चित्रे लिहिली. त्यांचे ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली निघाले आणि ते आजही वाचले जाते. या प्रकारात मनाचे काही घालायचे नसते. नानीच्या लुगड्याचा रंग आठवत नसेल, तर तो लिहू नये किंवा जाऊन पाहावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विचारावे. आपण घरच्या माणसांना रोज पाहतो, म्हणून त्यांना काही विचारतच नाही.

त्या मुलाने नानीला विचारले. सीताफळ झाडावर पिकेपर्यंत ठेवत नाहीत, हे त्याला तेव्हा कळले. फळाचे डोळे उघडले, म्हणजे डोळ्यांमधल्या रेघा रुंद होऊन पांढुरक्या दिसू लागल्या, की ते तोडायचे आणि गवतात पिकत घालायचे. नानी पूर्वी फाट्यावर बसत नसे, हेही त्याला कळले. ती येडशीच्या स्टेशनावर बसे. तेथून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची छोटी गाडी जात असे. हा मार्ग १९११ साली लातूरपर्यंत पोहोचला होता. गाडी हळू चाले, त्यामुळे गिऱ्हाइकाला खिडकीतून निवांत भाव करता येई. पुढे मार्ग रुंद करण्याचे काम निघाले, २००८ साली धाराशिव ते कुर्डुवाडी रुंद मार्ग सुरू झाला आणि तोवर नानी आपली टोपली घेऊन रस्त्यावर आली होती. एका प्रश्नातून मुलाला एवढे मिळाले. त्याच्या आधीच्या निबंधात यातले काय होते? काहीच नव्हते.

दुसरा प्रकार कथेचा, म्हणजे अफसान्याचा. कथेत ‘असे झाले असते तर?’ असे विचारण्याची मोकळीक असते. मुलाने हाक मारली असती तर? मित्राने नानीला फाटकी नोट दिली असती आणि हे फक्त याच्याच लक्षात आले असते तर? मग तो गप्प बसला असता का? कथा तिथून सुरू होते. अशा वेळी बसमधल्या सगळ्या मुलांची गरज नसते, माझीही नसते. एक मुलगा, एक मित्र आणि एक म्हातारी पुरे. पहाटे उठल्यापासून सांगायचीही गरज नाही. गाडी फाट्यावर थांबते, तिथेच सुरुवात करावी.

आणखी एक गोष्ट. ‘त्याला फार लाज वाटली’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला काही करायला उरत नाही. त्याऐवजी तो काय करत होता ते लिहावे. मी मुलाला विचारले, “तू खाली मान घालून नक्की काय करत होतास?” तो म्हणाला, “बुटाची नाडी सोडत होतो आणि पुन्हा बांधत होतो.” मी म्हटले, “हे लिही. लाज हा शब्द नको.”

येडशीच्या शेजारच्याच कळंब तालुक्यात हासेगाव आहे. कथाकार भास्कर चंदनशिव यांचा जन्म तिथला. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा मोठ्या मुलांच्या माहितीची आहे. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही, तेव्हा शेतकरी ते टोमॅटो आपल्याच पायांनी तुडवतो. कथेला हे नाव का दिले, ते वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या भागातले शेत, बाजार, पाटी आणि भाव यांतूनच त्यांनी कथा घडवली.

तिसरा प्रकार कवितेचा. कवितेत सगळे सांगायचे नसते. त्या दिवसातले एकच चित्र उचलायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. आमच्या मुलाला हे अवघड गेले. त्याला वाटले, काफिया म्हणजेच कविता. काफियाला मराठीत यमक म्हणतात. त्याने ‘नानी’ला ‘पाणी’ जुळवले आणि मग ‘राणी’ आणली. फाट्यावरच्या उन्हात राणीचे काय काम? यमकाशी माझे वैर नाही. फारसीचे अभ्यासक माधव जूलियन यांनी गझल मराठीत आणली, सुरेश भट यांनी ती घरोघरी पोहोचवली आणि काफिया-रदीफ मराठीतही छान नांदतात. पण शब्द अर्थासाठी यावा, नुसता जुळतो म्हणून येऊ नये. चार वेळा खोडून मुलाने शेवटी हे लिहिले :

दोन फळे जास्त टाकलीस,
‘वाटून खा’ म्हणालीस,
माझे नाव घेतले नाहीस.
नानी, माझ्या वाट्याचे फळ
अजून पिकलेले नाही.

यात यमक नाही, बसही नाही आणि रामलिंगही नाही. तरी मला त्याने सांगितलेली सगळी हकिकत यात आहे. कवितेची पहिली ओळ मात्र मी असतो तर थोडी वेगळी केली असती. पण कविता त्याची आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “सर, आमच्या घरी मराठी बोलत नाहीत. आम्हांला कुठून येणार?” तो मुलगाही असेच म्हणाला होता. मी त्याला विचारले, “नानी गिऱ्हाइकांशी कोणत्या भाषेत बोलते?” तो हसला. नानी घरी दखनीत रागवते आणि रस्त्यावर दिवसभर मराठीत भाव करते. तिची मराठी त्याच्या निबंधातल्या मराठीपेक्षा कितीतरी जिवंत होती. येडशीवरून जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर बार्शी आहे. तिथे १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाच्या मुलाचा जन्म झाला. आईच्या तोंडची गाणी ऐकत तो वाढला, पुढे कष्टाची कामे केली, आणि महाराष्ट्र त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखू लागला. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभा गाजवल्या. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह मराठीत आहेत.

आमच्या मुलाने तिन्ही प्रकार लिहून पाहिले. कथा त्याला जमली नाही. ती मध्येच थांबली आणि अजूनही तशीच आहे. व्यक्तिचित्र मात्र पुरे झाले. त्यात त्याने बसमधली गोष्टही लिहिली. ते वर्गात वाचावे की नाही, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, “ज्या माणसाबद्दल लिहिले, त्याला आधी वाचून दाखवावे.”

नानीला वाचता येत नाही. संध्याकाळी टोपली रिकामी करून ती बसली, तेव्हा त्याने तिला वही वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्याने मला सगळे सांगितले. छोट्या गाडीचा भाग ऐकताना ती हसली. बसचा भाग आला, तेव्हा ती काहीच बोलली नाही, नुसती पदराने टोपली पुसत राहिली. पुढे त्याने लिहिले होते : ‘नानी वीस रुपयांना एक वाटा देते. एका वाट्यात चार सीताफळे असतात.’ तिथे तिने त्याला थांबवले.

“चार नै रे,” ती म्हणाली, “पाँच लगाती मैं.”

त्याने तिथल्या तिथे पेन काढून चारचे पाच केले.