एका नोंदीच्या तीन प्रती

संगणकातील मजकूर एकाच तबकडीवर ठेवला, तर ती बिघडली की मजकूरही गेला. म्हणून तोच मजकूर दोन-तीन यंत्रांवर एकाच वेळी उतरवून ठेवतात. ‘ग्लस्टर’ ही अशीच एक प्रणाली होय. मात्र यात एक गोम आहे. सर्व प्रतींकडून होकार येईपर्यंत नोंद पुरी झाली असे धरत नाहीत; तेव्हा सर्वांत मंद तबकडीचा वेग तोच साऱ्या दप्तराचा वेग. नवी यंत्रे विकत घेण्याआधी तबकडीवरचा कारभार तपासावा, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

लिनक्सवर हा कारभार पुष्कळदा ‘एक्सएफएस’कडे असतो. यात प्रत्येक फाइलीचे एक खातेपान असते. पूर्वी ते ठराविकपणे 256 बाइटांचे असे. ग्लस्टर त्यावर आपले शेरे मारते : फाइलीचा ओळखक्रमांक, कोणती प्रत मागे पडली इत्यादी. पानावर जागा पुरली नाही की शेरे दुसरीकडे जातात आणि तबकडीला तेथवर हेलपाटा पडतो. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा 8.3 सहस्रांश सेकंदांचा. सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. एका फाइलीला हे काहीच नाही, लाखभर फाइलींना मात्र फार झाले. म्हणून तबकडी प्रथम आखतानाच पान 512 बाइटांचे ठेवावे. मागाहून ते वाढवता येत नाही. नव्या आवृत्त्यांत हेच माप आपोआप मिळते.

फाइल नुसती वाचली तरी वाचनाची वेळ नोंदण्याची जुनी चाल होती. 2009 पासून लिनक्सने ती बरीच आवरली. ‘नोएटाइम’ने ती पुरती थांबते.

आता खरा वादाचा मुद्दा. तबकडीला स्वतःची स्मृती असते, आणि मजकूर तेथे पोचताच ती ‘लिहिले’ म्हणून मोकळी होते. म्हणून ‘हे आधी तबकडीवर उतरव, मग पुढचे’ अशी ताकीद तिला मधूनमधून द्यावी लागते. ही ताकीद बंद केली की वेग वाढतो. प्रती तीन आहेत, मग भीती कसली, असे काहीजण विचारतात. पण तिन्ही यंत्रे एकाच खोलीत असली तर वीजही एकदमच जाते! मजकूर तर जाईलच. शिवाय कोणती प्रत खरी हे सांगणारे शेरेही जातील. वीज गेल्यावरही स्मृती सांभाळणारी बॅटरी नियंत्रकाला असेल, आणि तबकड्यांची स्वतःची स्मृती बंद असेल, तरच ही सूट घेण्यासारखी. एक्सएफएसच्या कर्त्यांनी तर ही कळच 2018 साली काढून टाकली.