जंताच्या गोळीनंतर एरंडेल कशाला?
(कोठा आणि अग्नी : लेखांक ७)

मागच्या लेखांकात कृमींची लक्षणे पाहिली, आता गोळी घेतल्यानंतरचे दोन-चार दिवस पाहू. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, शाळांतून आणि अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मुलांना चावून खायला देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. त्या संध्याकाळी पोराने ताट सरकवले की घरात निदान ठरलेले असते : गोळी उष्ण पडली, भूक मेली, आता एरंडेल देऊन कोठा साफ करा आणि वर एखादे पाचक चूर्ण चालू ठेवा. यातला भुकेकडे लक्ष देण्याचा भाग आयुर्वेदाचा आहे. एरंडेलाचा आग्रह मात्र जुन्या औषधांच्या काळातली सवय आहे, आणि ती सोडायला हवी.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात, कृमिचिकित्सेची तीन सूत्रे आहेत : अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे ते ज्या स्थितीत वाढतात ती मोडणे, आणि ज्या कारणांनी ते झाले ती टाळणे. अपकर्षणाचा विधी सविस्तर दिला आहे. सहा-सात दिवस स्नेहन-स्वेदन, मग आदल्या दिवशी दूध, गूळ, दही, तीळ, मासे असे कृमींना आवडणारे पदार्थ खाऊ घालून त्यांना कोठ्यात ओढून आणायचे (सापळ्याला आमिष लावावे तसे), आणि दुसऱ्या दिवशी बस्ती, वमन (उलटी), विरेचन (जुलाब) हे शोधन. एवढे झाल्यावर रोग्याला वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवून पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ घालून शिजवलेली पेज क्रमाक्रमाने द्यायची. विझत आलेल्या विस्तवावर आधी गवत, मग गोवरी, मग लाकूड ठेवावे, तसा हा क्रम. पण विस्तव विझत आला तो कशाने? कृमी गेल्यामुळे नव्हे; एकाच दिवसात वर-खाली झालेल्या शोधनाने. ही पेज त्या शोधनाचा उतारा आहे.

आजच्या गोळीत ते शोधनच नाही. पूर्वी जंतांवर दिले जाणारे, किरमाणी ओव्यापासून काढलेले सँटोनिन त्यांना नुसते लुळे करी, म्हणून ते पुन्हा सावध होण्याआधी जुलाब देऊन बाहेर ढकलावे लागत. अल्बेंडाझोलची तऱ्हा वेगळी : ते जंताच्या पेशींमधल्या सूक्ष्म नलिका बनू देत नाही, त्याला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो काही दिवसांत उपासमारीने मरून मळावाटे जातो. औषधाचा फारच थोडा अंश रक्तात जातो. काम आतड्यातच होते. मग एरंडेल कशासाठी? ‘पण पोटात दुखते, मळमळते, त्याचे काय?’ असे कोणी विचारील. दुखते खरे, आणि पोटात जंत जास्त असतील तर अधिक दुखते. बहुधा ते आपोआप शमते. उलट पोट फुगून टणक झाले, हिरवी उलटी झाली, शौच आणि वारा दोन्ही अडले, तर जंतांच्या गुंतवळ्याने आतडे तुंबले असण्याचा संभव असतो. तेथे जुलाब धोक्याचा. मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

मग अग्नीचे, म्हणजे पचनशक्तीचे, काही करायचेच नाही का? करायचे, पण बेताने. दोन दिवस मऊ भात, मुगाचे कढण, सुंठ-जिरे लावलेले पातळ ताजे ताक, आणि मुख्य म्हणजे भूक लागल्यावरच जेवण. मोठ्या माणसाला जेवणाच्या पहिल्या घासाला तुपातून चिमूटभर हिंग्वाष्टक चूर्ण चालेल. लहान मुलाला वैद्याला विचारल्यावाचून नको. ‘अग्नी ही कल्पनाच आहे, मोजता येत नाही’ या आक्षेपाला उत्तर सोपे आहे : येथे मोजायची आहे ती भूक, आणि ती मुलाच्या ताटात दिसते. आठवड्यानंतरही भूक नसेल, चेहरा फिकट असेल, तर पाचक बदलत बसण्यापेक्षा हिमोग्लोबिन तपासावे. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. ते मेले तरी गेलेले लोह परत येत नाही. ते भरून काढावे लागते.

खरा भर तिसऱ्या सूत्रावर, म्हणजे कारणे टाळण्यावर, हवा, आणि नेमके तेच घरात सर्वांत दुबळे असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एका आढाव्यात, उपचारानंतर सहा महिन्यांनी गोल जंतांचे प्रमाण मूळच्या ६८ टक्क्यांवर आणि वर्षभराने ९४ टक्क्यांवर पोचल्याचे दिसले. यावर काही जण वावडिंगाचा काढा रोज घ्यायला सांगतात. वावडिंग ग्रंथातले प्रमुख कृमिघ्न आहे, यात वाद नाही. पण ते गोळीच्या जागी घेण्यात अर्थ नाही, आणि बाहेरून येणारी अंडी तेही अडवू शकत नाही. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. मळातून पडलेले अंडे लगेच बाधत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे पिकल्यावर बाधते. ते घरात येते कोथिंबिरीच्या मुळाला चिकटलेल्या चिखलातून, अंगणात खेळलेल्या पोरांच्या नखांतून. जुडी सोडून, मुळे कापून, पाने तीन पाण्यांतून काढायची, आणि पोरांची नखे दर रविवारी कापायची.