कूलर बंद झाल्यावर ऐकू येणारी घरघर

मृगाचा पाऊस पडला की यवतमाळात घरोघरचे कूलर बंद होतात. अडीच-तीन महिने कानात भरून राहिलेला तो आवाज थांबतो आणि त्याच रात्री टेबलाखालच्या कॉम्प्युटरची घरघर ऐकू येते. ती उन्हाळाभर चालूच होती, कूलरच्या आवाजात बुडालेली होती. मग आपण पंखा बदलतो, तरी आवाज जात नाही. कारण पुष्कळदा दोष पंख्याचा नसतो, पंख्यासमोरच्या पत्र्याचा असतो. तो पत्रा घरच्या घरी कसा कापायचा आणि पेटी शांत कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ज्या पेटीला आपण सवयीने सीपीयू म्हणतो, तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आतल्या मदरबोर्डवर बसवलेला काडेपेटीएवढा चौकोन. आपल्याला हात लावायचा आहे तो कॅबिनेटला.

कॅबिनेटमध्ये हवा कशी खेळते, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. कूलर लावला की आपण समोरचं दार किंवा खिडकी फटभर उघडी ठेवतो. नाही ठेवली तर कूलर नुसता ओरडतो, गारवा येत नाही. हवेला आत यायला वाट हवी, तशी बाहेर जायलाही हवी. कॅबिनेटचं गणित हेच आहे. स्वस्त पेट्यांमध्ये समोरची बाजू दिसायला गुळगुळीत आणि जवळजवळ बंद असते, तर मागे पंख्यासमोरच्या पत्र्याला बारीक भोकं पाडलेली असतात. भोकं मोजून पाहिली तर निम्म्याहून अधिक जागा पत्र्यानेच अडवलेली निघते. हवा त्या भोकांच्या कडांवर आपटते, आणि ती सळसळच आपण पंख्याचा आवाज समजतो.

आता थोडा हिशेब. ग्राफिक कार्ड, म्हणजे चित्र उमटवण्याचं वेगळं कार्ड, बसवलेला कॉम्प्युटर जोर लावून काम करताना 200 वॉट उष्णता सहज टाकतो. पूर्वीचे 100 वॉटचे दोन पिवळे बल्ब बंद पेटीत लावून ठेवावेत तसं. ही उष्णता खोलीच्या तापमानाहून 10 अंश वाढीच्या आत बाहेर काढायची तर दर सेकंदाला 17 ते 19 लीटर हवा पेटीतून जायला हवी. तेलाच्या 15 किलोच्या डब्यात मावेल त्याहून थोडी जास्त, आणि तीही दर सेकंदाला. एवढी हवा लहान पंख्याने भरधाव फिरून ओढायची की मोठ्या पंख्यांनी सावकाश, हाच सगळा प्रश्न आहे.

पंख्यांचा एक नियम इथे फार उपयोगी पडतो. वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. 10 डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, सारख्याच आवाजाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर फक्त 3 डेसिबल वाढतात. म्हणजे 1400 फेऱ्यांनी फिरणारा एक पंखा काढून तसेच दोन पंखे 700 फेऱ्यांनी चालवले तर हवा साधारण तेवढीच राहते आणि आवाज 12 डेसिबलने कमी होतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. करून पाहिल्यावर वाटलं.

पहिली पायरी म्हणजे नुसतं ऐकणं. रात्री, घर निजल्यावर, जाड पुठ्ठ्याची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं पेटीच्या वेगवेगळ्या जागी धरा. सळसळ हवेची असते. खरखर किंवा टकटक पंख्याच्या झिजलेल्या बेअरिंगची. एकसारखा घुंऽऽ असा घुमणारा आवाज बहुधा हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 120 वेळा थरथरते आणि पत्रा तिच्याबरोबर गातो.

मग बाजूचं झाकण काढा आणि नेहमीचं काम अर्धा तास चालू द्या. तापमान दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात, त्यात प्रोसेसरचा आकडा पाहा. झाकण काढल्यावर आकडा पाच-सात अंशांनी खाली आला आणि पंखेही मंदावले, तर पेटी गुदमरते आहे हे नक्की. आकडा हललाच नाही तर पत्रा कापून उपयोग नाही. दोष प्रोसेसरवरच्या पंख्यात, धुळीत किंवा वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये शोधा. थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी मलई. ही चाचणी न करता थेट ड्रिल हातात घेणारे बरेच भेटतात, म्हणून एवढं सांगितलं.

दुसरी पायरी सफाईची. प्लग काढा, सुरू करायचं बटण एकदा दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. ब्लोअरने धूळ उडवताना प्रत्येक पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर झोताने तो अफाट वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. एसएमपीएस, म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला हवी तशी करून देणारा डबा, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढी वीज साठून असते. त्याची धूळ बाहेरूनच उडवा.

आपल्या जिल्ह्यात धूळही एकसारखी नाही. जिनिंग जवळ असेल तर कापसाची बारीक तंतुमय रुई पंख्यावर नमद्यासारखी चिकटते. वणीकडे कोळशाची काळी भुकटी. बाकी सगळीकडे काळ्या मातीची पिठासारखी धूळ. त्यामुळे शहरातला माणूस जाळीविना मोकळी पेटी चालवू शकेल, आपण नाही.

तिसरी पायरी, वाट ठरवणं. समोर खालून हवा आत, मागे वरून बाहेर. गरम हवा वर जाते म्हणून एवढा विचार करतात, पण पंख्याच्या ओढीपुढे तो जोर किरकोळ असतो. खरी गरज आहे ती वाट सरळ असण्याची आणि मध्ये केबलींचा गुंता नसण्याची. समोर दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, अशी रचना मला आपल्याकडे सर्वांत बरी वाटते. आत जाणारी हवा जास्त असली की पेटीत किंचित दाब राहतो, आणि फटी-फटींतून हवा बाहेरच जाते. धूळ फक्त जाळी लावलेल्या तोंडातूनच येऊ शकते, तिथे आपण तिला अडवलेलं असतं.

चौथी पायरी कापण्याची. इथे घाई करू नका. पेटी वॉरंटीत असेल किंवा तयार कंपनीचा कॉम्प्युटर असेल तर कापल्यावर वॉरंटी जाईल, हे आधी पक्कं करून घ्या.

आतलं सगळं बाहेर काढा. मदरबोर्ड, डिस्क, एसएमपीएस, सगळं. "नुसतं प्लास्टिक झाकून कापतो" हा मोह मलाही झाला होता. मी पिशवी बांधली, कापलं, झटकलं, सगळं सुरळीत चाललं. आठवड्याने पेटी उचलून दुसऱ्या खोलीत नेली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. पत्र्याच्या दुमडलेल्या कडेत अडकलेलं लोखंडाचं एक कुसळ बोर्डवर पडलं होतं. बोर्ड वाचला, पण ते दोन दिवस अजून आठवतात.

120 मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर 105 मिलिमीटर असतं. जुन्या 80 मिलिमीटरच्या पंख्याचं 71.5, आणि 140 च्या पंख्याचं 124.5. पण मोजपट्टीवर विसंबू नका, पंखाच पत्र्यावर ठेवून पेन्सिलीने आखा. आखण्याआधी पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे रंग खरवडला जात नाही आणि रेघही नीट दिसते. 120 च्या पंख्याला 114-115 मिलिमीटरचं गोल तोंड पुरतं. त्याहून मोठं कापलं तर पंख्याच्या चौकटीबाहेर फट राहते आणि हवा तिथूनच परत फिरते.

आखल्यावर पंखा आतून लावून पाहा. सर्वांत जास्त फसगत इथे होते. बाहेरून जागा मोकळी दिसते आणि आत हार्ड डिस्कचा पिंजरा किंवा ग्राफिक कार्डचं टोक आड येतं. पंख्याची जाडी 25 मिलिमीटर, शिवाय पात्यांमागे थोडी मोकळी जागा लागते. दुसरी फसगत समोरच्या प्लास्टिकच्या तोंडाची. आतला पत्रा सुंदर गोल कापला आणि बाहेरचं प्लास्टिक बंदच राहिलं, तर काही साधलं नाही. ते प्लास्टिकही कापावं लागेल किंवा काढून जाळी लावावी लागेल.

कॅबिनेटचा पत्रा साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतो. मधोमध पंचने खूण करा, नाहीतर ड्रिल घसरतं. खाली लाकडाची फळी ठेवून तिच्यासह पत्रा शिकंजात धरा. होल सॉ, म्हणजे दातेरी वाटीसारखं गोल कापणारं पातं, मंद वेगाने चालवा. भरधाव चालवलं की पत्रा तापतो, वाकतो आणि शेवटच्या क्षणी पातं अडकून मनगटाला हिसका बसतो. चष्मा हवाच. हातमोजे मात्र पत्रा हाताळतानाच घाला, ड्रिल फिरत असताना नको, ते पात्यात अडकू शकतात. ग्राइंडरने गोल नीट येत नाही आणि ठिणग्या रंग जाळतात.

हे सगळं नको वाटलं तर रेघ आखलेली रिकामी पेटी खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे न्या. त्याचा हात आपल्याहून बसलेला असतो. फक्त रिकामीच न्या, आणि "रेघेच्या आतून काप" हे दोनदा सांगा.

कापलेली कड कानशीने घासा, मग पॉलिश पेपरने. बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तिथे अजून धार आहे. उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा हात द्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच गंज धरेल. कडेवर गाडीच्या काचेला लावतात तशी यू आकाराची रबर पट्टी बसवली की थरथरही मरते. मग पेटी पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात वाळवा आणि दुमडलेल्या कडांवरून ब्लोअर फिरवा. ते कुसळ लक्षात ठेवा.

पाचवी पायरी, जाळी. नायलॉनच्या मच्छरदाणीची जाळी चालते. फार घट्ट विणीचं कापड नको, त्याने पुन्हा पत्र्यासारखीच अडवणूक होते. जाळी पंख्याला चिकटवू नका, बोटभर अंतर ठेवा. पाती जाळीला लागून फिरली की एक शिट्टीसारखा आवाज येतो आणि मग आपण पंख्यालाच दोष देतो. चौकटीला लहान चुंबक लावले तर जाळी एका हाताने निघते. जी सहज निघते तीच धुतली जाते.

सहावी पायरी पंखा बसवण्याची. पंख्याच्या कडेवर बाणाची खूण असते. नसली तर मोटर धरणाऱ्या काड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते. स्क्रूऐवजी रबराच्या खिळ्या मिळतात, त्या लावा. हार्ड डिस्कच्या स्क्रूखालीही रबरी वॉशर घाला आणि पेटीच्या चार पायांखाली जाड रबर ठेवा. लोखंडी टेबलावर ठेवलेली पेटी तबल्यासारखी घुमते, हे तपासून पाहायला फक्त खाली एक जुनं पायपुसणं घालून ऐका.

सातवी पायरी, वेग. चार पिनांच्या पंख्याला चौथ्या तारेवरून वेगाचा हुकूम जातो, त्या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. तीन पिनांच्या पंख्याचा वेग मिळणारी वीज कमी-जास्त करून बदलतो, त्याला सेटिंगमध्ये डीसी म्हणतात. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबून उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ही निवड असते. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर राहिला तर तो कायम पूर्ण वेगाने ओरडतो. इतकं सगळं कापून-घासून झाल्यावर आवाज तसाच राहिला, तर पहिल्यांदा हेच पाहा.

वेगाची चढण सावकाश ठेवा. दर दोन अंशांना पंखा वर-खाली झाला की तो चढ-उतार एकसुरी आवाजापेक्षा जास्त खुपतो. वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर लावता आला तर लावा. फार कमीही करू नका. काही पंखे फिरत असताना मंद वेगात टिकतात, पण थांबलेले असताना त्याच विजेवर उठत नाहीत. म्हणून पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि पंखा हलला का ते डोळ्यांनी पाहा.

मग तपासणी. उदबत्ती पेटवून समोरच्या जाळीजवळ धरा. धूर आत ओढला जाऊन मागून बाहेर पडला पाहिजे. फटीतून धूर आत शिरत असेल तर बाहेर फेकणारा पंखा जास्त जोरात आहे, त्याचा वेग थोडा कमी करा.

तापमानाची तुलना करताना एक काळजी घ्या. डिसेंबरात कापलं आणि मे महिन्यात मोजलं तर आकडा वाढलेलाच दिसेल, कारण कोणताही पंखा पेटीला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोलीत 40 अंश असतील तर पंखा 40 अंशांचीच हवा देणार. म्हणून भिंतीवर साधा थर्मामीटर लावा आणि प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करा. तो फरक कमी झाला असेल तर आपलं काम झालं. उन्हाळ्यासाठी वेगाची सेटिंग थोडी वर घ्यावी लागेल, ती घ्या. तेव्हा कूलर चालूच असतो, ऐकू येणार नाही.

पण कूलरच्या थेट झोतात पेटी ठेवू नका. ताट्यांवर जो पांढरा क्षार धरतो, तो तुषारांबरोबर आत जाऊन बोर्डवर बसू शकतो, आणि ओलसर हवेत धूळही घट्ट चिकटते. झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर, ही जागा चांगली.

बाजूच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचा वेग लिहा. पुढच्या वेळी झाकण उघडाल तेव्हा नवा आकडा खाली मांडा. कापसाचा हंगाम लागला की जाळी दर रविवारी धुवायची, बाकी दिवसांत महिन्यातून एकदा.