पाठवलेला ईमेल परत येतो का?

चुकीच्या माणसाला गेलेला ईमेल ‘अनडू’ दाबून परत मागवता येतो, असा अनेकांचा समज आहे. जीमेलमधली ही सोय खरी, पण तिचे काम निराळे आहे. ‘सेंड’ दाबल्यावर जीमेल तो संदेश ५ सेकंद स्वतःकडेच रोखून धरते. सेटिंग्जमध्ये ही मुदत १०, २० किंवा ३० सेकंदही करता येते. टपालपेटीच्या फटीत पत्र अर्धे सरकवून हात तसाच धरून ठेवावा, तसे हे आहे. हात सुटला की संदेशाची प्रत समोरच्याच्या सर्व्हरवर (ईमेल साठवणारा संगणक) जमा होते. तिथे आपला ताबा चालत नाही.

आउटलुकचे ‘रिकॉल’ (गेलेला संदेश काढून घेण्याची सोय) एकाच संस्थेच्या अंतर्गत खात्यांपुरतेच आहे; बाहेरच्या पत्त्यावर ते निरुपयोगी ठरते.

म्हणून जीमेलमध्ये ३० सेकंदांची मुदत आजच निवडावी, हे मी आग्रहाने सांगेन. नावाची दोन अक्षरे टाइप करताच भलताच पत्ता सुचवला जातो आणि चूक बहुधा तिथेच होते. मुदत टळलीच, तर त्या व्यक्तीला लगेच लिहून संदेश डिलीट करण्याची विनंती करावी. त्यात पासवर्ड असेल, तर उत्तराची वाट न पाहता तो बदलावा.