वहिनी, एक तिकीट जास्तीचं आहे

आमच्या वाईच्या भिशीत परवा विषय निघाला, आयुष्यात समोर बसून ऐकलेलं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं? एकीनं पुण्याचा ‘सवाई गंधर्व’ सांगितला. भीमसेनजी गायला बसले आणि थंडी वाजायची थांबली म्हणे. दुसरीनं लहानपणी गणपतीत ऐकलेलं भजन सांगितलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, ‘‘रंगभवन, मुंबई. १९८८ सालचा रॉकचा कार्यक्रम.’’

क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एक जण म्हणाली, ‘‘रॉक म्हणजे ते झिंज्या सोडून ओरडतात ते? आणि तुम्ही?’’

हो, मीच. गोल साडी नेसून, हातात छत्री आणि पिशवीत थालीपिठाचा डबा घेऊन.

मी वाईची. लग्न होऊन दादरला गेले ती १९८७च्या मे महिन्यात. घरात सासूसासरे, हे आणि धाकटी नणंद. ती एकोणीस वर्षांची, धोबीतलावाकडे कॉलेजात जायची. आमच्या माहेरी गाणं म्हणजे रेडिओवरचे बाबूजी आणि आशाताई. इथे नणंदेच्या खोलीत (खोली कसली, गॅलरीला लावलेला पडदा) एक टेपरेकॉर्डर होता आणि त्यात दिवसरात्र एकच कॅसेट. ‘यू टू’ नावाचा आयर्लंडचा बँड, आणि अल्बम ‘द जोशुआ ट्री’. तो त्याच वर्षी आलेला होता. तिनं मैत्रिणीकडून भरून आणला होता. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळत बसायची. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, ‘‘आधी तो आवाज कमी कर!’’

पहिले काही महिने मलाही तो गोंगाटच वाटला, खोटं कशाला बोलू? एकदा दुपारी तांदूळ निवडत बसले होते आणि माझ्या लक्षात आलं, की आपला पाय ठेका धरतोय. नणंदेनं ते पाहिलं. काही बोलली नाही, नुसती हसली. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. रंगभवनला ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा रॉकचा मेळा, आपल्याकडच्याच बँडचा. नणंदेला जायचंच होतं. सासऱ्यांनी पेपर खाली न ठेवताच ‘नाही’ म्हटलं. दोन दिवस घरात अबोला. शेवटी सासूबाईंनी तोड काढली, ‘‘वहिनी बरोबर असेल तर जा.’’ ती धावत माझ्याकडे आली, ‘‘वहिनी, एक तिकीट जास्तीचं आहे. चला ना!’’ जास्तीचं कसलं, मैत्रिणीला नको सांगून माझ्यासाठी तिनं ठेवून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

रंगभवन म्हणजे उघड्यावरचं नाट्यगृह, वर आभाळ. तिथे जॅझ यात्रा व्हायची. आणि गंमत म्हणजे १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा त्या काळातला गाजलेला ब्रिटिश बँड तिथे वाजवून गेला, तो कुणाच्या बोलावण्यावरून? ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या मुंबईतल्या बायकांच्या सेवाभावी क्लबाच्या! चांगल्या घरच्या, वयस्क बायकांनी रॉकवाल्यांना बोलावून आणलं होतं. हे मला आधी ठाऊक असतं, तर सासऱ्यांना तेवढंच ऐकवलं असतं.

आत शिरलो तर सगळीकडे काळे टी-शर्ट घातलेली मुलं. साडीतली मी एकटीच. पाऊस भुरभुरत होता. एका मुलानं मला ‘आंटी’ म्हटलं. मी तेवीस वर्षांची होते हो! पण त्यानंच आम्हा दोघींना बरी जागा करून दिली आणि आजूबाजूच्यांना धक्का लागू नये म्हणून बजावलं, तेव्हा मी त्याला माफ करून टाकलं. त्या दिवशी कोणकोणते बँड होते, ते आज मला सांगता येणार नाही. नणंदेच्या वहीवर ‘रॉक मशिन’ असं रंगवलेलं असायचं, तेवढं आठवतं. या मुंबईच्या बँडनं पुढे आपलं नाव ‘इंडस क्रीड’ केलं.

पण तो पहिला आवाज आठवतो. गिटार घरच्या टेपवर ऐकणं वेगळं. इथे ढोल-ताशाच्या पथकाजवळ उभं राहिलं की कसं छातीत वाजतं, तसं वाजलं. पायाखालची जमीन थरथरली. आणि मग पुढची पोरं मान खाली घालून केस झटकायला लागली. मी घाबरून नणंदेचा हात धरला. आमच्या गावच्या यात्रेत बायकांच्या अंगात यायचं, केस सुटायचे, डोळे मिटून घुमायच्या, डिट्टो तसंच! फरक एवढाच, की इथे हळदीकुंकू घेऊन कुणी पुढे आलं नाही आणि गाणं संपल्यावर ती पोरं शहाण्यासारखी चहा प्यायला गेली.

तासाभरानं मी छत्री मिटली. भिजायचं ठरवलं. नणंद गात होती, शब्द येत नव्हते तरी मीही काहीतरी ओरडत होते. लग्नानंतर सव्वा वर्षात मी मोठ्यानं ओरडले नव्हते. हसलेही नव्हते मोठ्यानं. घरात सगळे चांगले होते, तक्रार नाही. पण सुनेचा आवाज कसा, तर बेताचा. त्या संध्याकाळी कुणालाच माझा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून मी तो पूर्ण लावला. मधल्या वेळेत थालीपिठाचा डबा उघडला, तर ‘आंटी’ म्हणणाऱ्या मुलानं तीन खाल्ली.

मरीन लाइन्सहून लोकलनं घरी परतलो. दोघी चिंब, घसे बसलेले. सासूबाईंनी दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आधी डोकी पुसा.’’

त्या रंगभवनात पुढे कार्यक्रम बंद झाले. जवळच रुग्णालय, कॉलेज, म्हणजे शांतता क्षेत्र. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला त्रास का व्हावा? तरी जीव हळहळतो. काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’, जिथे नणंद तासन्‌तास कॅसेटी बघत उभी असायची, तेही २०१६ मध्ये बंद झालं.

१९९२ मध्ये नणंदेचं लग्न झालं, ती ठाण्याला गेली. १९९६च्या नोव्हेंबरात मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला, तेव्हा ती जाऊन आली आणि मी लेकीच्या तापाशी बसले होते. रात्री उशिरा तिनं फोन करून तासभर सगळं सांगितलं. तो रॉक नव्हे, पॉप. हेही तिनंच समजावलं.

मात्र ७ एप्रिल २००३ला ‘रोलिंग स्टोन्स’ ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, तेव्हा आम्ही दोघी गेलो. मुलांना ह्यांनी सांभाळलं आणि वर ‘काय त्या म्हाताऱ्यांना बघायचं’ म्हणून टोमणाही मारला. मिक जॅगर तेव्हा साठीला आला होता. आणि धावत होता! या टोकाहून त्या टोकाला, कंबर हलवत. मी अडतिशीची, कंबरेला पट्टा बांधून गेलेली. नणंद म्हणाली, ‘‘वहिनी, तो काय खातो ते विचारून या.’’ मला खरा आवडला तो मागे ड्रमवर बसलेला चार्ली वॉट्स. एवढा दंगा चाललाय आणि हा बँकेत हिशेब तपासणाऱ्या माणसासारखा ताठ, शांत. ठेका चुकायचं नाव नाही. २०२१ मध्ये तो गेला, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

आता जे सांगायचं, ते भिशीत सांगितलं नाही.

२००९ मध्ये सासरे गेले. दादरचं घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. वर्षश्राद्धानंतर ह्यांनी नणंदेपुढे हक्कसोडपत्र ठेवलं. सही करायची, साडी घ्यायची, माहेर शाबूत ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. तिनं कागद वाचला आणि परत ठेवला. म्हणाली, ‘‘दादा, माझा वाटा मला हवाय.’’ सासूबाई, हे आणि ती. कायद्यानं तिघांचा सारखा हक्क. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला वाटा १९५६च्या कायद्यानंही आहे, हे तिला ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं, किंवा नको होतं.

घरात जे बोललं गेलं ते लिहीत नाही. सगळ्यात टोचणारं वाक्य मीच बोलले. ‘‘मीसुद्धा वाईच्या घरावरचा हक्क सोडला, भावाकडे हात नाही पसरला.’’ ती माझ्याकडे बघत राहिली, पर्स उचलली आणि गेली. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. दिवाळीला नाही, भाऊबीजेला नाही. कपाटातल्या कॅसेटींचा खोका मी माळ्यावर टाकला.

खरं सांगू का? १९९९ मध्ये मी सही केली, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. भावानं पैठणी दिली. ती मी एकदाही नेसले नाही. नणंदेचा राग आला तो तिनं मागितलं म्हणून नव्हे. मला मागता आलं नव्हतं, म्हणून. पण हे कळायलासुद्धा नऊ वर्षं लागली.

२०१९च्या डिसेंबरात लेकीचा फोन. ‘‘आई, यू टू येताहेत. भारतात पहिल्यांदाच. नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आणि सगळा ‘जोशुआ ट्री’ वाजवणार आहेत. तुझं तिकीट काढलंय.’’ मी विचारलं, तू कुठे बसणार? तर म्हणे, ‘‘मी नाही. दुसरं तिकीट आत्याला पाठवलंय.’’ लेकीनं आत्याशी बोलणं कधीच तोडलं नव्हतं, हे तेव्हा समजलं. बायका घरात काय काय लपवून सांभाळतात!

१५ डिसेंबर. फाटकाशी ती उभी होती. केस पांढरे, रंगवलेले नाहीत. मी काय बोलू ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. पिशवीतून डबा काढला. फाटकावरच्या मुलीनं ‘आत खाणं चालणार नाही’ म्हटलं. मग काय, दोघींनी तिथेच बाजूला उभं राहून थालीपीठ खाल्लं. ती म्हणाली, ‘‘तिखट थोडं जास्त झालंय, वहिनी.’’ नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे.

आणि मग ती गाणी. कॅसेटवर होती त्याच क्रमानं. शाळेतल्या वयात, १९७६ मध्ये एकत्र आलेले तेच चौघे समोर वाजवत होते. भांडले नसतील का ते एवढ्या वर्षांत? मागे भलामोठा पडदा, त्यावर वाळवंट आणि ते झाड. पुढे ए. आर. रहमान आपल्या मुलींना घेऊन आले. एका गाण्याला त्या पडद्यावर बायकांचे चेहरे यायला लागले, जगातल्या आणि आपल्याकडच्याही. लढलेल्या, बोललेल्या, मागितलेल्या बायका. हजारो माणसं ओरडत होती. मी नणंदेच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, ‘‘तू बरोबर होतीस. मी चुकले.’’ तिनं कानाला हात लावून विचारलं, ‘‘काय?’’ मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, ‘‘ऐकू आलं होतं. परत ऐकायचं होतं.’’

घरी आल्यावर मी ह्यांच्याशी बोलले. एकदा नाही, अनेकदा. हे रागावले, जेवण टाकलं, ‘रॉक ऐकून डोकं फिरलं’ असंही म्हणाले. पण २०२१ मध्ये इमारत पुनर्विकासाला निघाली, तेव्हा कागदांवर तिचं नाव लागलं. एक तृतीयांश. भाऊ-बहीण अजून मोकळेपणानं बोलत नाहीत. भाऊबीजेला मात्र ती येते आणि हे नारळ फोडून देतात. वाईच्या घराचं म्हणाल, तर सोडलेला हक्क सोडलेलाच आहे.

फ्रेडी मर्क्युरीचं तर राहिलंच. आपल्या पसरणीचा घाट चढला की पाचगणी, तिथे बोर्डिंगात तो शिकला. फारुख बलसारा त्याचं नाव, शाळेतच मित्रांबरोबर बँड काढलेला. पुढे १९८५च्या ‘लाइव्ह एड’मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्यानं वीसेक मिनिटांत सगळं मैदान मुठीत घेतलं, ते मी मोबाइलवर पाहिलंय. भिशीत हे सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या रॉकला मान मिळाला. घरचा माणूस निघाला ना!

सध्या हे आणि मी वाईला असतो. सासूबाई नणंदेकडे ठाण्याला आहेत, मजेत आहेत. गेल्या वर्षी जानेवारीत, २०२५ मध्ये, ‘कोल्डप्ले’ त्याच नेरुळच्या स्टेडियमवर आले, तेव्हा लेक मैत्रिणींबरोबर गेली. आमचे गुडघे आता उभं राहू देत नाहीत. २६ जानेवारीचा त्यांचा अहमदाबादचा कार्यक्रम थेट दाखवणार होते, म्हणून मी ठाण्याला गेले. नणंदेनं टीव्ही लावला आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज बेताचा ठेवला. आतल्या खोलीतून सासूबाई काठी टेकत आल्या, आमच्यामध्ये बसल्या. थोडा वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, आवाज वाढवा जरा. मला काही ऐकू येत नाहीये.’’